आईनं गाळलेलं नाव

बंदर अब्बास,
४ डिसेंबर २०२२

ती. नशमीलताईस, धाकट्या टारगटाचा नमस्कार.

चौथीतून पळालेल्याचं पत्र आहे, आधी अक्षराला हसून घे, मग वाच. मी बरा आहे. गोदीत खजुराच्या पेट्या उचलतो. पोलिसांकडच्या मोर्चाच्या फोटोत मी रेबवारदादाच्या शेजारीच दिसतो, म्हणून इथं खोटं नाव सांगितलंय. दोन महिन्यांत कुणी शाहो म्हणून हाक मारली नाही. कधीकधी मीच तोंडातल्या तोंडात मारून बघतो.

दादाची भेट मिळाली का? तुरुंगात काचेपलीकडून फोनवर फारसीतच बोलावं लागतं म्हणे, आणि आपल्या आईची गाडी सलामाच्या पुढं जात नाही. तू शिकव तिला. कुर्दी शिकवणारा मास्तर आत आणि त्याची आई फारसीच्या पहिलीत, हे ऐकून दादासुद्धा हसेल. मी येऊ का? पाय ठरत नाहीत. फोन नको, उत्तर कादिरमामाच्या ट्रकमधून पाठव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा शाहो

सिने, घरून,
१९ डिसेंबर

चि. शाहोस, ताईचा एक धपाटा आणि आशीर्वाद.

यायचं नाव काढू नकोस. पोलीस दोनदा येऊन गेले. आईनं सांगितलं, तो डोंगर ओलांडून इराकात गेला, जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही.

भेट झाली. आत एकट्या आईलाच सोडलं. फारसी ती शिकलीच नाही. म्हणाली, ज्या भाषेपायी पोरगा आत गेला, तीच टाकून त्याच्याशी बोलू? पहिल्याच कुर्दी शब्दाला शिपायानं फोन तोडायची धमकी दिली. मग ती नुसती नावं घेऊ लागली. नशमील, कादिर, शेजारची गलावेज, तिची तिन्ही पोरं. नाव घेतलं म्हणजे माणूस सुखरूप, हे दादाला लगेच उमगलं. आमिनमावशी गेली, तिचं नाव आईनं गाळलं. दादानं डोळे मिटून मान हलवली. शिपाई जांभया देत होता.

पण शाहो, तुझंही नाव तिनं घेतलं नाही. शिपायाच्या कानी पडलं तर तुझा शोध पुन्हा सुरू होईल या भीतीनं. शेवटी दादानंच विचारलं, शाहो? शिपायानं झटकन आईकडे बघितलं, आणि तिनं मान खाली घातली. वेळ संपली. दादाला ओढून नेईपर्यंत तो काचेला कपाळ लावून होता.

तू गेलास असं तो समजतोय. आई जेवत नाही. ज्याला वाचवायचं त्यालाच भावाच्या मनात जिवंतपणी पुरलं, म्हणते. पुढची भेट चौदा जानेवारीला. काय करू?

जपून राहा, आम्हाला विसरू नकोस.
तुझी ताई

बंदर अब्बास,
१ जानेवारी २०२३

ती. नशमीलताईस, नमस्कार.

चौदा तारखेला आईनं सगळ्यात आधी माझं नाव घ्यायचं. मोठ्यानं, दोनदा. दादा कोठडीत माझं सुतक पाळत बसलाय, हे मला सोसत नाही.

मग पोलीस येतील, कादिरमामाच्या ट्रकपर्यंतही पोचतील. म्हणून हे शेवटचं पत्र. वाचलं की चुलीत टाक. मी इथून निघतोय. कुठं ते लिहीत नाही, म्हणजे विचारलं तर तुम्हाला शपथेवर सांगता येईल की माहीत नाही. आईला म्हणावं, जेव, भेटीपर्यंत आवाज टिकला पाहिजे.

उत्तर पाठवू नकोस, घ्यायला मी नसेन. पत्ता नसला तरी लोभ चालू ठेव.

शाहो