बाबा बायबलात काय शोधून राह्यले

घुग्घुस
१४ सप्टेंबर २०२५

नूतनताईस,

जय भीम. तुमच्यात 'जय मसीह की' म्हणतात, तेही ठेवून घे. मी अन् बाबा इथी बरे आहो. तू तं बरीच असशील, देवाच्या खास ओळखीतली बाई तू!

फोन तू उचलत नाई. उचलला तं 'उपासात आहो' म्हणून ठेवते. पण रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर वचन पाठवाले तुले बरी फुरसत भेटते. म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या बिरजूच्या हाती देऊन राह्यली. त्याची ड्युटी तुमच्या ऊर्जानगरच्या बसवरच आहे, तवा मिळाली नाई म्हणू नको.

ऐकलं, वर्षभरात अख्खं बायबल वाचलं म्हणून तुमच्या चर्चच्या मंडळीनं तुले शिल्ड देली. वा वा! शोकेसमध्ये कपबशांच्या वर ठेवली असशील. आम्ही तिकीट काढून पाहाले येऊ का?

मोठी भक्तीण! बुद्धपौर्णिमेले विहारात बाबानं सगळ्यांदेखत तुले खिरीची वाटी देली, अन् तू ती सरकवून "आमच्यात चालत नाई" म्हणली. तवापासून घरची पायरी नाई चढली. दुसऱ्या दिवशी बाबा मले म्हणे, "रिना, तिचं पुस्तक आण कुठून तरी. बापाच्या हातचं खाऊ नको, असं त्यात कुठी लिहून आहे, ते मले पाहू दे."

आणलं. बाबाले बारीक अक्षर दिसत नाई, म्हणून वाचाचं काम माह्याकडं. जेवण झालं की बसतो. आधी मले हसू यायचं. अमक्याले तमका झाला, तमक्याले ढमका, पानंच्या पानं! मी सोडाले गेली की बाबा म्हणे, "नाई, वाच. मधातच असलं तं?"

आता येशूपर्यंत आलो. परवा बाबा खाटेवर उठूनच बसले. "हा तं कोणाच्याही घरी जेवते वो! लोक नावं ठेवतात, तरी जेवते. मंग आपल्या नूतनले कोणं अडवलं?"

मी काय सांगू? शिल्डवाली तू. वर्षभर त्याच पानांतून गेली, तुले हे दिसलं नाई?

आताशा बाबा झोपले तरी मी पुढं वाचत राह्यते. काऊन, ते विचारू नको. मी विहारात जाते अन् जात राहीन. पण दिवसभर कामातही डोक्यात तेच चालते.

वर बरे आहो लिहिलं, ते खोटं आहे. बाबाच्या छातीत दुखते. पुढच्या सोमवारी नागपूरले हृदयाचं ऑपरेशन आहे. या वयात धोका आहे म्हणून डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. बाबा तुले कळवू नको म्हणत होते, "उगाच तिले संकट." काल मात्र वांगे चिरता चिरता म्हणे, "नूतन प्रार्थना करते ना? जायच्या आधी तिनं माह्या डोक्यावर हात ठेवून एकदा करावी."

ऊर्जानगर ते घुग्घुस म्हणजे काई तुह्या बायबलातलं मिसर ते कनान नाई, चाळीस वर्षं लागाले. रविवारी ये.

नाई आली तं मीच हात ठेवीन. मले प्रार्थना येत नाई. सुरू कशी कराची, संपवाची कशी, काई माहीत नाई. पण करीन. देवाले म्हणीन, ताई आली नाई, आज मलेच चालवून घे.

अजूनही तुले ताईच म्हणणारी,
रिना