दादाच्या गुडघ्यातला बुश

१४ एप्रिल १९६४
अडकला! सुखरामदादा अंगणात चालून पाहत होता अन् लाकडी गुडघा वाकलाच नाही. दादा तोंडावर पडला. आतला पितळेचा बुश, म्हणजे खिळीभोवतीची नळी, झिजला म्हणून मीच नायलॉनचा करून दिला होता — आमच्या कुम्हारीच्या प्लास्टिक कारखान्यात, मालक जेवाले गेला तेव्हा. किती ऐटीत बसवला! तेव्हा खिळीवर मस्त फिरे. आज पक्कडीनं ओढून काढला.

मनकर्णावहिनीनं दादाच्या तोंडावरची माती पुसली. मले शिव्या दिल्या असत्या तं बरं होतं.

पोलादाचा प्लांट उभा होत होता तेव्हा मालगाडीच्या वॅगनखाली दादाचा पाय गेला. आता पुढच्या महिन्यात प्लांटच्या डॉक्टरसमोर चालून दाखवायचं आहे. चालला तं फाटकावर हलकी नोकरी. नाही तं घरीच.

१५ एप्रिल
आमचा केमिस्ट ओमप्रकाश हसला. "पानी में डाला होगा!" टाकलाच होता न! मालक येईन या भीतीनं गरम माल बादलीत बुडवला. तो म्हणे, नायलॉनच्या आत लांब लांब धागे असतात. हळू निवू दिलं तं घड्या घालून ओळीनं बसतात, स्फटिक होतात — माल दुधाळ अन् कडक. झटक्यात निवला तं गुंतलेलेच थिजतात. मंग उन्हानं तापले की मागाहून बसाले लागतात, अन् माल आवळते, खिळीले धरून बसते. आमच्या इथलं ऊन तं काय विचारता! मी म्हटलं, मले आधी कावून नाही सांगतलं बे?

विचारलं कधी, म्हणे.

१९ एप्रिल
नवा ओतला. साचा भुशात पुरून हळूहळू निवू दिला. मंग घरी गरम जवसाच्या तेलात ठेवला, अन् तेलासकट राखेत झाकला. वहिनी म्हणे, "भजे काढून राहिले का, भाऊजी?" किती दिवसांनी हसली!
पांढराफेक झाला. आवळायचा तेवढा आवळला, मंगच कानशीनं आतून मापात घासला.

२ मे
दादा रोज खुर्सीपारच्या बाजारापर्यंत जाते. भर उन्हात! कुठं अडकत नाही. तरी तो येईपर्यंत मले चैन नाही. ओमप्रकाश म्हणे, सगळेच धागे काही ओळीत बसत नाहीत, काही गुंतलेले राहतातच. कशाले सांगतलं बाप्पा!

११ मे
पडला. डॉक्टरसमोरच. फाटकावरची नोकरी हुकली.
वहिनी एवढंच म्हणाली, "तुमचं ते प्लास्टिक."
तेलातून लवकर काढला का मी? की राख थंडी होती? माह्याच हातांचा राग येऊन राहिला.

१२ मे
बुश काढला. खिळीवर फिरवला. उन्हात तापवून फिरवला. अडकतच नाही! मंग दादा पडला कसा?

१३ मे
विचारलंच. दादा मांडी चोळत होता. म्हणे, "तुहा बुश चांगला आहे रे केवल. मीच जाणून पडलो. ते फाटक कोणतं, माहीत आहे न तुले? वॅगन तिथंच आली होती माह्यावर. मले नाही उभं राहावत तिथं."
अन् म्हणे, "मनकर्णाले बुशच अडकला सांग."
बरं, म्हटलं.