घरून आणलेलं गणित

टीचर, तुमच्या वर्गात आता मी शिकवते. पहिली ‘अ’. खोली तीच आहे, खिडकीतून चर्चची मागची भिंत तशीच दिसते, फक्त तुम्ही लावलेला चाफा गेला आणि तिथे सायकलींसाठी पत्र्याची शेड आली. दर नोव्हेंबरात आम्ही सगळे कबरी सजवायला येतो, तेव्हा तुमच्याजवळही दोन फुलं ठेवते. पण त्या दिवशी आजूबाजूला सगळं गाव असतं, कोणाच्या मेणबत्त्या विझतात, कोण झेंडूची टोपली मागतं, कोणाला माझ्या मुलाचं लग्न कधी ते विचारायचं असतं, आणि तो तर अजून नववीत आहे. बोलायचं राहूनच जातं. आत्ता मधली सुट्टी आहे, वर्ग रिकामा आहे, म्हणून लिहायला बसले.

आता आपल्या शाळेत ‘घरी शिकूया’ नावाचा कागद असतो. दर शुक्रवारी तो मुलांच्या दप्तरातून घरी जातो आणि सोमवारी परत येतो. डाळीचे दाणे मोजा, आजीकडून एक गाणं शिकून या, घरातल्या पाच गोल वस्तू शोधा. आईवडील फोटो काढून ग्रुपवर टाकतात, मुख्याध्यापिका सिस्टर त्याखाली शाबासकीचा अंगठा टाकतात. पहिलीचा कागद मी बनवते, आणि लोक म्हणतात, टीचर, तुम्हाला सुचतं कसं! सुचत कुठलं, मी ते तुमच्याकडून उचललंय. तुमच्या वेळी कागद नव्हता. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तुम्ही दारात उभ्या राहून सांगायचात, ‘घरी जे असेल ते दहा-दहाचे ढीग करून मोजा आणि सोमवारी मला सांगा.’

मुलं वाल मोजायची, चिंचोके मोजायची, किनाऱ्याकडची मुलं शिंपल्या. आमच्या घरी माझ्याबरोबर मोजत बसायला कोणाला सवड नव्हती. आई उजाडायच्या आधी केळीच्या वाडीत जायची. ती एका जागी सापडायची ती फक्त संध्याकाळी, रोझरीची जपमाळ हातात घेऊन गुडघे टेकलेली. म्हणून मी तिची माळ मोजली. क्रुसाजवळचे तीन मणी सोडले, मोठे मणी सोडले, फक्त लहान मणी घेतले. सोमवारी उभी राहून सांगितलं, ‘एकोणपन्नास.’

‘पन्नास असतात,’ तुम्ही म्हणालात. ‘पाच वेळा दहा. नीट मोज.’

‘नीट मोजले, टीचर. एकोणपन्नासच.’

‘एक हिने खाल्ला!’ मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि सगळा वर्ग हसला. तुम्हाला वाटलं मी मुद्दाम करतेय. ‘प्रार्थनेच्या वस्तूवरून थट्टा करायची नाही,’ म्हणालात आणि घंटा होईपर्यंत मला फळ्याशेजारी उभं केलंत. मी रडले नाही. मला एवढंच कळत नव्हतं की खरं मोजलं तर त्यात थट्टा कुठे झाली.

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी येता. छत्री दारात टेकवता, सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसता. आई तांदळाची भाकरी थापतेय. तिचा हात थांबतो. ‘काय केलं हिनं, टीचर?’

‘काही नाही. तुमची माळ बघू द्या जरा.’

आई खुंटीवरची माळ काढून देते आणि तुम्ही ओठ हलवत मोजू लागता. शेवटच्या दहांत नऊ. आईचा चेहरा पडतो. ‘दोरा तुटलेला, टीचर. एक मनी इहिरीत गेला. बाकीचे मीच ओवले. शेवटची नमो मरिया बोटाच्या पेरावर म्हनते. देवबाप काय मनी मोजत बसतो?’

तुम्ही इतक्या हसलात की पदराने डोळे पुसावे लागले. मग माझ्याकडे वळलात. पाटावरून खाली सरकून माझ्या डोळ्यांसमोर आलात आणि म्हणालात, ‘तुझं बरोबर होतं, बाळा. माझं चुकलं.’ आई तवा विसरली. मोठं माणूस लहानाला असं म्हणताना आमच्या घरात तोवर कोणी ऐकलं नव्हतं. करपलेली भाकरी तुम्ही हट्टाने स्वतःच्या ताटात घेतलीत, बोंबलाच्या कालवणाबरोबर. दुसऱ्या दिवशी वर्गातही सांगितलंत, पण मला आठवतं ते स्वयंपाकघरातलं.

आता माझं सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तुळिंजहून व्हॅनने येते. महिन्याभरापूर्वीच्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘आईसोबत स्वयंपाकघरातली एक वस्तू मोजा, चित्र काढा.’ कोणी चमचे काढले, कोणी कांदे. हिने खोके काढले होते. दहा-दहाच्या चार रांगा आणि वर सहा.

‘किचनमध्ये एवढे खोके?’ मी विचारलं.

तिने रांगांवर बोट ठेवलं.

‘आईबरोबर मोजलेस?’

‘हो, टीचर.’

‘आई कुठे होती तेव्हा?’

‘कामणला.’

वर्ग हसला. मलाही हसू आलं; आता आठवलं की वाटतं, यायला नको होतं. ‘आई कामणला, तू घरी, मग बरोबर कसं मोजलं? थापा मारायच्या नाहीत हं,’ म्हणाले आणि लाल पेनने काट मारली. त्यानंतर तीन सोमवार तिचा कागद कोरा येतोय, नीट चार घड्या घातलेला. सगळा वर्ग एकसुरात अंक म्हणतो तेव्हा तिचे ओठ मिटलेले असतात. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.

परवा शनिवारी तिच्या घरी गेले. तिची आई कामणच्या एका गोदामात पॅकिंगला आहे, नुकतीच परतली होती. मला बघून ती बसेचना. ‘मॅडम, किचनचं पायजे होतं ना? वाचलं मी. पण मी किचनमध्ये असते कुठे? दुपारी जेवायच्या टायमाला गेटवर येऊन हिला फोन लावते. समोर टेम्पो भरत होता, तर मी खोके मोजले, ही इकडे काढत होती. दोनदा लाइन कटली, दोनदा परत एकपासून.’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘मी फेल झाली ना? हिला नका बोलू. गलती माझी आहे.’

मी म्हटलं, गलती माझी. कागद मी लिहिला, न बघता काट मी मारली. मला माफ करा. ती घाईघाईने ‘असं नका बोलू, मॅडम’ म्हणाली, मग हसली. ‘मग मी पास?’ ‘पास,’ मी म्हटलं. मुलगी पलंगाच्या कडेला बसून चादरीचा दोरा ओढत होती. मी तिच्या गालाला हात लावला, चहा संपवला आणि निघाले.

येत्या शुक्रवारचा कागद मी बदललाय. ‘स्वयंपाकघर’ काढून ‘घरचं माणूस जिथे असेल तिथे’ असं लिहिलंय. सिस्टरना आवडलं. आईची माफी मागून झाली, कागद सुधारून झाला. पण आज सकाळी तिचा कागद पुन्हा कोराच आला, आणि का, ते मला ठाऊक आहे. ज्या पोरीला मी सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं, तिला मी अजून काहीच म्हटलेलं नाही. आईशी बोलले. तिच्याशी नाही.

ती आत्ता बाहेर ओट्यावर डबा खातेय, माझ्यापासून दहा पावलांवर. तुम्हाला हे सगळं लिहिणं मला जमलं, टीचर, कारण तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघणार नाही. ती बघेल. तिचा डबा खाऊन झालाय, ती झाकण लावतेय, आणि मी अजून खुर्चीतच आहे.