परसातलं विलायती जंगल

२ जून १९५७
ठरलं. परसात बाग करायची. वाफे, कुंड्या, झेंडूच्या रांगा असली कारकुनी बाग नाही. जंगल! रद्दीवाल्याकडे विलायती पुस्तक मिळालं, त्यात सगळं आहे. वर झाडं, मधे झुडपं, खाली नेचे. माणसाचा हात लागलाय असं दिसता कामा नये. भोईवाड्यात हे कुणाच्या स्वप्नातही आलेलं नसेल. थोरल्या मनमोहनदादाला परस टॅक्सीच्या गॅरेजला भाड्याने द्यायचंय. म्हणाला, गणपतीपर्यंत काही उगवून दाखव, नाहीतर गॅरेज. भरपूर वेळ आहे.

९ जून
पुस्तकात पांढऱ्या खोडाचे बर्च. आपल्याकडे जुना शेवगा. खोडाला चुना फासला. गॅलरीतून डोळे बारीक करून पाहिलं की बर्च. नलू म्हणाली, डोळे मिटले तर आणखी छान दिसेल. बायकोला डिझाइन कळत नाही.

२३ जून
माथेरानहून आणवलेले बावीस नेचे लावले. तासाभरात शेजारच्या चाळीतून सुक्या बोंबलाचं पाणी थेट नेच्यांवर. शी! असल्या वस्तीत निसर्गाने राहायचं कसं?

७ जुलै
नेचे गेले. बावीसच्या बावीस. कुजून काळे, वर घाण वास. त्यांच्या जागी कसलंतरी रान माजलंय. उद्या उपटणार.

१४ जुलै
उपटलं नाही. पाठ धरली आहे. शिवाय पुस्तकात पान एकसष्टवर चक्क लिहिलंय की स्थानिक झाडांना वाव द्यावा. म्हणजे हे रान नव्हे, प्लॅन आहे. मला तो आधीपासून सुचलाच होता.

१९ जुलै
कुंपणाचे बांबू गायब! चाळीतल्या दगडूने समितीच्या मोर्च्याच्या फलकांना नेले. वर मलाच विचारतो, "काय अच्युतराव, मुंबईसाठी चार बांबू पन नाय देनार?" मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, समितीच्या पत्रकावर माझी सहीसुद्धा आहे. पण माझ्या बांबूंच्या जिवावर? नवे बांबू रविवारी आणीन.

२१ जुलै
पावसामुळे बांबू राहिले. कुंपण नाही म्हणून दगडूची आई सुंदराबाई सरळ आत. "अगो बाय, ह्यो टाकळो!" म्हणत जंगलाचा खालचा थर ओटीभर खुडून नेला. संध्याकाळी त्याचीच भाजी वाटीभर पाठवली. नाक दाबून खाल्ली. खोबरं जास्त होतं.

१८ ऑगस्ट, गोकुळाष्टमी
आज म्हणे शेवग्याच्या पाल्याची भाजी लागते. अख्ख्या चाळीला. बर्च बोडका. झाडावर चढून हाताला लागलेला चुना आमच्याच भिंतीला पुसून गेले. किळस आली या लोकांची.

२५ ऑगस्ट
खालचं रान मात्र कमरेएवढं झालंय. माझी कल्पना दादाला कळणार नाही, त्याला सगळं गवतच दिसणार. म्हणून कुशाबा माळ्याला बोलावून एकेक नाव विचारलं, डब्यांचे पत्रे कापले आणि प्रत्येक झाडापाशी पाटी रोवली. आघाडा. माका. धोतरा. डोरली. रुई. ठळक मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल असं. दादा गार होणार.

२८ ऑगस्ट, हरतालिका, सकाळी साडेसात
मेलो. पहाटे पूजेच्या पत्रीसाठी चाळीतल्या बायका आत आल्या. मुंबईत जन्मलेल्या पोरींना माका कोणता नि डोरली कोणती, ठाऊक नसतं. त्यांनी पाट्या वाचल्या. वाचून वाचून तोडलं! उरलंसुरलं उद्यासाठी म्हणून नलूनेच परडीत भरलं. म्हणाली, "अहो, एकही पान शोधावं लागलं नाही." परसात चिखल आणि अकरा पाट्या.

२९ ऑगस्ट, गणेशचतुर्थी
दादा आला. परस पाहून म्हणाला, "शाबास, जागा साफ करून ठेवलीस." मग पूजेला बसला आणि पत्री हातात घेऊन थांबलाच. इतकी अस्सल पत्री त्याने वडील गेल्यापासून पाहिली नव्हती. कुठून आणली? नलूने सांगितलं, ह्यांनीच लावली होती. दादाने पत्री कपाळाला लावली. मला वाटलं, आता विरघळला. म्हणाला, "हरकत नाही, पुढच्या वर्षी बाजारातून आणू." गॅरेजवाला सोमवारी येतोय.

३० ऑगस्ट
दीड दिवसाचा गणपती. मूर्ती दादाकडे, निर्माल्याचं गाठोडं माझ्या डोक्यावर. तीन महिन्यांचं जंगल, दादरच्या चौपाटीपर्यंत मीच वाहिलं. वाटेत दादा दोनदा म्हणाला, नीट धर, सांडू नकोस. पाण्यात सोडलं. आघाड्याची एक काडी लाटेबरोबर परत माझ्या पायाशी आली.

परत फेकली.