बाहुल्याची आई

प्रिय, आणि सध्या फुगून बसलेल्या ठके,

रविवारी तू फोन आपटलास. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत हे मलाही कळतं, पण तू ज्या तऱ्हेने तो बंद केलास त्यात आपटल्याचा आवाज होता. त्यानंतर माझ्या प्रत्येक मेसेजला तुझं उत्तर एकच, अंगठा. जेवलीस का, अंगठा. सर्दी गेली का, अंगठा. अगं, अंगठ्याशी माणसाने भांडायचं तरी कसं? म्हणून शेवटी कागद घेऊन बसलेय. स्वयंपाक आज तुझ्या बाबांकडे आहे, भांड्यांच्या आवाजावरून तो जोरात चाललेला दिसतोय.

आधी तुझी बाजू मान्य करून टाकते, म्हणजे पुढे बोलायला मी मोकळी. मी मोठ्या कौतुकाने तुला सांगायला गेले की हॉस्पिटलच्या प्रशिक्षण केंद्रात मी मुलगा गमावलेल्या आईचं काम करते, आणि मुलगा कसा होता असं विचारलं की बेधडक तुझंच वर्णन करते. गजर लावून झोपणारा आणि गजर बंद करून परत झोपणारा. पाल दिसली की पलंगावर चढून घर डोक्यावर घेणारा. कुठलाही चहा अर्धा टाकून उठणारा. मला वाटलं तू खो खो हसशील. तू म्हणालीस, ‘म्हणजे तू मला रोज दोनदा मारतेस, आई!’ आणि वर ती अट, हे काम सोड नाहीतर मी सुट्टीत घरी येणार नाही. इकडे पुढची तुकडी सोमवारी सुरू होतेय, आणि ते केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना मला कायमचं ठेवून घ्यायचंय. शनिवारी त्यांना हो की नाही ते सांगायचंय. म्हणजे एका पारड्यात माझी लेक आणि दुसऱ्यात तिथला पलंगावरचा बाहुला. बाबा म्हणतात, बाहुला निदान उलट बोलत नाही.

पण तू रागात अर्धंच ऐकलंस, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. माझं आयुष्य विंगेत गेलं हे तुला वेगळं सांगायला नको. स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता घ्यायची, आणि नट अडखळला रे अडखळला की त्याचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचवायचं, पण पहिल्या रांगेपर्यंत नाही. टाळ्या त्यांना, घसादुखी मला. आता नट मंडळी कानात यंत्र घालतात, त्यामुळे आम्ही घरी. अशात या डॉक्टरबाई आमच्या जुन्या थिएटरात आल्या आणि म्हणाल्या, रडणारी बाई पाहिजे. आमच्या नायिकेने विचारलं, मेकअप कोणाचा? दुसरीने विचारलं, प्रवेशाच्या शेवटी टाळी आहे का? तेव्हा मॅनेजर म्हणाले, आमच्या प्रॉम्प्टरबाईंना घेऊन जा, इथली प्रत्येक नटी कशी रडते ते त्यांना पाठ आहे. अशी या वयात माझी पहिली एन्ट्री झाली, आणि तीही संहितेशिवाय.

काम काय ते नीट ऐक. अपघाताने किंवा डोक्यात रक्तस्राव होऊन कधी कधी माणसाचा मेंदू कायमचा थांबतो. डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासून त्याची खात्री करतात. माणूस गेलेला असतो, पण यंत्र हवा भरत असतं म्हणून छाती हलते, हात गरम लागतो. अशा वेळी घरच्यांजवळ बसणारं, त्यांना अवयवदानाबद्दल विचारणारं, आणि ते हो म्हणाले तर तपासण्या, डॉक्टर, गाड्या, ज्याला अवयव मिळणार त्याचं हॉस्पिटल हे सगळं जुळवून आणणारं जे माणूस असतं, त्याला समन्वयक म्हणतात. नर्सेस, समाजसेवक, तरुण डॉक्टर असे सगळे ते शिकायला येतात. गाड्या आणि तपासण्या शिकवायला पुस्तकं आहेत, घरच्यांशी बोलायला शिकवायला मी आहे. खोलीत एक पलंग, त्यावर माझा लेक, म्हणजे रबरी बाहुला. पूर्वी त्याच्यावर इंजेक्शनं शिकायचे, त्यामुळे दंडाची पार चाळणी झालीय. पहिल्या दिवशी मी हंबरडा फोडून त्याला कवटाळलं, तर त्याचा पाय माझ्या हातात आला. सगळी खोली हसतेय आणि मी पाय धरून रडतेच आहे, कारण थांबा म्हणून मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याच दिवशी मी आणखी एक गोंधळ घातला, विचारू नकोस. माझ्या वाट्याला एक नर्स आला होता, ताडमाड, दारातून वाकून येणारा. सगळे त्याला लंबू म्हणतात. डॉक्टरचं काम करणारा मला ‘तुमचा मुलगा गेला’ असं सांगून बाहेर पडला, आणि लंबू खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. बसला तो बसलाच. एक शब्द नाही. मला वाटलं, मेल्याचं वाक्य गेलं! वर्षानुवर्षांची खोड ती, रुमाल तोंडाशी धरून, हुंदक्यांच्या मधून, ओठ न हलवता मी त्याला वाक्य पुरवलं, ‘पाणी देऊ का तुम्हाला?’ तो गडबडून उठला आणि स्वतःच ग्लासभर पाणी प्यायला. काचेपलीकडे डॉक्टरबाई पोट धरून हसत होत्या. मग त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की तो विसरला नव्हता. जिला आत्ताच कळलंय तिला ते आत उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हे समन्वयकाचं सगळ्यात अवघड काम. मला हे पचायला फार जड गेलं. कुठे शांतता दिसली की माझी जीभ वळवळते, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

याउलट एक पोरगी आहे, एक्स्प्रेस. बसायच्या आत बोलायला लागते. मी बाहुल्याच्या कपाळावरून हात फिरवतेय, त्याला पांघरूण नीट करतेय, आणि ही बाई मला मूत्रपिंडं किती जणांना उपयोगी पडतात ते सांगतेय! ठके, माझं डोकंच फिरलं. नाटकबिटक विसरून मी तिला म्हटलं, अगं बाई, मी अजून याला उठवतेय, आणि तू याला वाटायला निघालीस? आणि सरळ नाही म्हणून मोकळी झाले. ती ढसाढसा रडली. मग मीच तिला जवळ घेतलं, मग दोघी मिळून चहा प्यायलो, आणि तिने कबूल केलं की शांत बसलं की तिला भीती वाटते. डॉक्टरबाईंनी मात्र मला शाबासकी दिली. त्या म्हणाल्या, खऱ्या घरातही त्या आईने हेच म्हटलं असतं, आणि तो नकार मान देऊन ऐकायचा, कोणी घासाघीस करायची नाही. मी हो म्हणायचं की नाही ते त्या कधीच ठरवून देत नाहीत. त्या वेळी मनात येईल ते मी म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य माझं असतं गं, तुला नाही कळायचं त्यात काय मजा आहे.

आणि तुला वाटतं मी तिथे दिवसभर सुतकी चेहऱ्याने बसते! छे. इतके हसरे लोक मी नाटकवाल्यांत नाही पाहिले. डब्याच्या वेळी दंगा नुसता. एकदा यकृत बदललेली एक बाई बोलायला आली होती. पूर्वी तिला जिना चढवत नसे. ती दोरी घेऊनच आली आणि आमच्यासमोर तिने धाडधाड उड्या मारून दाखवल्या, खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायला वर आले. मग तेही बसून राहिले. घरी आले की बाबा दार उघडून विचारतात, आज वाचला का कोणी? मी म्हणते नाही, पण लंबूने आज छान काम केलं. त्यांना लंबूची इतकी काळजी लागून राहिली होती की काय सांगू.

कारण लंबूचं गाडं एका जागी अडलं होतं. तो बसायचा सुंदर, ऐकायचा सुंदर, पाणी आता मला द्यायचा, आणि मग नमस्कार करून निघून जायचा. विचारायचाच नाही! त्याला वाटायचं, एवढ्या दुःखात असलेल्या माणसावर आणखी ओझं कशाला? डॉक्टरबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं की न विचारणं म्हणजे त्यांच्या वतीने तूच नाही म्हणून टाकणं. शेवटच्या परीक्षेतही विचारलं नाहीस तर परत वॉर्डात जा, चांगला नर्स आहेस, नर्सच राहा. त्याला तर हेच काम हवं होतं. परीक्षेच्या सकाळी तो बाहेरच्या बाकावर बसला होता, गुडघे हनुवटीला टेकलेले, चेहरा असा की मला वाटलं याचंच सांत्वन करावं.

परीक्षा सुरू झाली. मी रडले, तो थांबला. डोळे पुसले, तो थांबला. मग त्याने हळूच विचारलं, तुमचा मुलगा कसा होता? आणि मी सुटले ना! गजर, पाल, अर्धा चहा, शिवाय भांडणात उत्तर सुचलं नाही की दुसऱ्या दिवशी फोन करून ते उत्तर देणारा. सांगता सांगता मला हसूच फुटलं. मेलेल्या मुलाची आई खुदुखुदू हसतेय, आणि लंबूही हसतोय, आणि मला अजिबात चुकीचं वाटलं नाही. तुझ्याबद्दल बोलताना मला हसूच येतं, त्याला मी काय करू? आता मुख्य प्रश्न त्याने विचारायचा होता. त्याचे ओठ हलायचे आणि थांबायचे. ठके, ते वाक्य माझ्या जिभेवर होतं! मी जीभ दातांखाली धरली, दोन्ही हातांनी खुर्ची धरली. म्हटलं बाई, आज जर तू प्रॉम्प्ट केलंस तर या पोराचं वाटोळं तुझ्या हातून होईल. आणि अखेर त्याने माझ्याकडे बघत, स्वच्छ आवाजात विचारलं, आपण गेल्यावर अवयव द्यावेत असं त्याने कधी काही बोलून दाखवलं होतं का?

आणि माझं वाक्य गेलं. इतकी नाटकं तोंडपाठ असलेल्या या बाईला एक शब्द सुचेना. कारण मी तर तुझ्यातूनच सगळं उचलत होते, आणि आपल्या घरात हा विषय कधी निघालेलाच नाही. निवडणुकीवर बोलतो, पडद्यांच्या रंगावर तर दोन आठवडे बोललो, पण हे कधीच नाही. शेवटी मी म्हटलं, माहीत नाही. खरंखुरं माहीत नव्हतं, आणि ते म्हणताना जीव असा कासावीस झाला की तो काही अभिनय नव्हता. लंबू पास झाला बरं का! एक्स्प्रेसने शिट्टी मारली, आणि लंबू आनंदाच्या भरात चौकटीवर असा आदळला की समन्वयक म्हणून त्याचं पहिलं काम स्वतःच्या टेंगळावर बर्फ लावण्याचं. घरी येऊन सांगितलं तर बाबांचे डोळे भरून आले. नंतर डॉक्टरबाई मला म्हणाल्या, बहुतेक घरांत हेच उत्तर मिळतं, माहीत नाही. आणि हो म्हणा की नाही म्हणा, ज्यांना माहीत नसतं त्यांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहतं की आपण चुकलो तर नाही ना.

तर आता माझं उत्तर. काम मी सोडत नाही. शनिवारी हो म्हणून येणार आहे. पण तुझंही ऐकलंय, तुला त्यातून मोकळं केलंय. नवा मुलगा तयार आहे, मिशा आहेत, बुलेट चालवतो, पहाटे उठून व्यायाम करतो, म्हणजे तुझ्याशी कोणी जोडूच शकणार नाही. बाबांनी त्याला बासरीही शिकवलीय. तेव्हा आता निमूटपणे सुट्टी टाक आणि ये.

आणि हे सगळं खरं कशासाठी लिहिलं ते आता. परीक्षेच्या संध्याकाळी मी बाबांना लंबूचाच प्रश्न विचारला. त्यांनी पेपर खाली ठेवला, बराच विचार केला आणि म्हणाले, माझं जे चालेल ते सगळं देऊन टाका, फक्त गुडघे फसवून कोणाच्या गळ्यात मारू नका. माझंही तेच ठरलंय. आम्ही दोघांनी अवयवदानाची कार्डं भरलीत, पण वेळ आली की कार्डाला कोणी विचारत नाही, घरच्यांना विचारतात, आणि घरचं म्हणजे तू. घाबरून लगेच फोन करू नकोस, मला काहीही झालेलं नाही, आत्ताच मध्ये उठून जेवून आले, दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात. पण कधीतरी, खूप खूप वर्षांनी, कोणीतरी तुझ्याजवळ खुर्ची ओढून बसेल. तुला हवं तितकं रडू देईल. मी कशी होते ते विचारेल, तेव्हा हसू आलं तर खुशाल हस. आणि मग तो विचारेल, तुमच्या आईने याबद्दल कधी काही बोलून दाखवलं होतं का? त्याला सांग, हो, दाखवलं होतं, पानंच्या पानं भरून, आणि मला मध्ये एक शब्द बोलू दिला नव्हता.

तुझीच, ठणठणीत आणि वाट बघणारी,
आई