कुणालाच न लागणारं

३ ऑगस्ट
आलो एकदाचे. बर्फाचा कारखाना माझ्या नावावर झाला. वर राहायला दोन खोल्या, खाली कॉम्प्रेसर आणि सगळ्यावर नजर ठेवणारा एक कॉम्प्युटर. विकणाऱ्या इंजिनिअरने त्याची सिस्टिम स्वतः तुकडा तुकडा जुळवून बांधलीय. बाजारात मिळत नाही, शिकवणारा कुणी नाही. सोबत माहितीच्या सात फायली. आधी वाचा, मग हात लावा, एवढंच म्हणाला. मी सातवी पास, पण नुसता आवाज ऐकून बेअरिंग किती दिवसांचा सोबती ते सांगतो. फायलींना काय घाबरायचं? वजनकाट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्याने आल्या आल्या बायकोला हसवलं. मालकांनाही लादीबरोबर तोलून घेऊ का, म्हणाला.

५ ऑगस्ट
पहिली फाईल संपली. सिस्टिममध्ये आपोआप काही येत नाही. हवं ते आपणच घालायचं आणि ते कुणाला लागतं तेही लिहायचं. जे कुणालाच लागत नाही, ते साफसफाईत निघून जातं. मला पटलं. बायको म्हणाली, बावीस वर्षांत माझी एक चिठ्ठी धड वाचली नाहीत, आता सात फायली वाचताय.

८ ऑगस्ट
डोकं फिरलंय. साफसफाईसाठी चौथी फाईल म्हणते सहावी बघा, सहावी म्हणते दुसरी, दुसरी म्हणते चौथी. इंजिनिअरला फोन केला. वाचा, म्हणाला आणि ठेवून दिला. अरे, वाचून कळलं असतं तर तुझे पाय कशाला धरले असते? संतापून साफसफाई सुरू केली. दोनशे चौदा गोष्टी काढू का, असं पडद्यावर आलं. यादी न वाचताच हो म्हटलं.

९ ऑगस्ट
तिसरा पंप नाही. चोरीला गेला नाही, नाहीच. बोल्ट होते तिथली फरशी सलग, जुनी. अडीअडचणीला ठेवलेला, कधी लागत नव्हता. कॉम्प्रेसर चालवणारा मिस्त्री म्हणाला, पंप पहिल्यापासून दोनच आहेत. त्याला नको नको ते बोललो.

१० ऑगस्ट
काटेवाला आला नाही. मिस्त्री विचारतो, कोण काटेवाला? बायकोही तेच विचारते. तिला या वहीचं पहिलं पान दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. नवा आपोआप तोलणारा काटा आल्यापासून म्हाताऱ्याला काम नव्हतं, नुसता बसून असायचा. म्हणून काय —

११ ऑगस्ट
सहावी फाईल वाचली, अक्षर न् अक्षर. साफसफाई एकदा सुरू झाली की थांबत नाही. रोज सकाळी अकराला. नव्यांना नऊ दिवसांची सवलत. आमची उद्या संपते. पळालो तरी उपयोग नाही, कारखाना सोडून गेलेलाही काढलेलाच धरतात.

सिस्टिममध्ये लिहिलं: बायको लागते मला, मी लागतो बायकोला. नाकारलं. फक्त एकमेकांना लागणारे दोघे कुणालाच लागत नाहीत म्हणे. साखळी कॉम्प्रेसरला जोडलेली हवी आणि कॉम्प्रेसरला माणूस लागतो एकच. मिस्त्री. मालक लागतच नाही. हे लिहिणाऱ्याचं थोबाड —

१२ ऑगस्ट, सव्वादहा
मिस्त्रीचं नाव खोडलं. बायकोचं घातलं. कॉम्प्रेसरला बायको, बायकोला मी. मान्य झालं. खाली मिस्त्री तेल घालताना गुणगुणतोय. वरपर्यंत ऐकू येतंय. हे कान —

पावणेअकरा
तिने पाहिलं. ओरडली नाही. म्हणाली, "त्या माणसाचं नाव परत घाला." मी म्हटलं, मग आपण दोघं जाणार. ती सातवी फाईल घेऊन बसली. मी उघडलीही नव्हती.

अकराला दहा
सापडलं तिला. मिस्त्रीला मदतनीस घेता येतो. त्याला वर बोलावून विचारलं. म्हणाला, किती वर्षं मागतोय, वहिनी. माझी साखळी पुसली. कॉम्प्रेसरला मिस्त्री, मिस्त्रीला ती. मान्य. एवढं साधं. सातव्या फाइलीत. इंजिनिअर हरामखोर —

अकराला चार
आता तिसरी ओळ. मी तिला लागतो. ती तिनेच लिहायची, मी हात लावायचा नाही, म्हणाली. मिस्त्री माझ्याकडे बघतोय. त्याचं नाव मी खोडलं होतं, ते तिने सांगितलं त्याला.

अकराला दोन
लिहीत नाही. बोटं कीबोर्डवर, नुसती. बावीस वर्षं, आणि हिला विचार करावा लागतो. कुणासाठी केलं मी — तुझ्यासाठीच ना —

म्हणाली, "माझ्यासाठी केलंत, असं कुणाला सांगू नका."

लिही. लिही म्हणतोय ना, लि