दुमडलेली कड

आबा, तुमच्या हातची एक तसबीर गेल्या आठवड्यात दुकानात परत आली. तुमचं काम अधूनमधून येतच असतं. कुणाची काच तडकलेली असते, कुणाच्या लाकडी पट्टीला वाळवी लागलेली असते, आणि मागचा खाकी कागद पाहिला की मी नाव विचारायच्या आधीच ओळखतो. खळ लावल्यावर तुम्ही कागदाच्या कडेनं अंगठा ओढायचात, त्याची लाट इतक्या वर्षांनीही बोटाला लागते. मी तीवरून बोट फिरवतो, मनातल्या मनात नमस्कार करतो आणि कामाला लागतो. पण ही तसबीर आल्यापासून माझं कामात लक्ष नाही. तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना, म्हणून आज दुपारी गिऱ्हाईक नाही असं पाहून लिहायला बसलो आहे.

ती घेऊन आली होती आंदर मावळातली एक बाई. तिशी ओलांडलेली, कान्हे स्टेशनापर्यंत पायी आणि पुढं गाडीनं आलेली. सोबत भावकीतले एक म्हातारे होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. त्यांना ती तात्या म्हणत होती. तिनं पदराखालून फडक्यात बांधलेली तसबीर काढून माझ्यापुढं ठेवली. वीतभर चौकट, पुढं काच नाही. आत एका शिपायाचा फोटो. कॉलर दिसते, खिशाचं बटण दिसतं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. मी म्हटलं, ओल लागलेली दिसते. तिकडं डोंगरात काहीच कोरडं राहत नाही.

"ओल न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "आईचा हात लागला."

मग तिनं सांगितलं. ती पोटात असताना बाप दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेला. हा फोटो त्यानं मिसरातून, इजिप्तातून धाडला. ती बसायला लागायच्या आत तो गेल्याची खबर आली. आई रोज सकाळी दिवा लावून झाला की ओल्या हातानं त्या चेहऱ्यावरून हात फिरवायची. लेकीच्या तोंडावरून फिरवायची तसाच. लेकीला समज आली तोवर चेहरा निघून गेला होता. आता आईही नव्हती, आणि त्याला नीट पाहिलेलं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. "म्या ल्हानपणापासनं ह्या पांढऱ्याला पाया पडती," ती म्हणाली. हे ती रडून सांगत नव्हती. आपल्या दारात कोणतं झाड आहे ते सांगावं तसं सांगत होती.

आबा, काच का नव्हती ते मला ठाऊक होतं. लढाईच्या त्या वर्षांत काच मिळेनाशी झाली होती. पट्टीसुद्धा जुन्या चौकटींची काढून, कापून, जोडून आपण वापरायचो. आलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही सांगायचात, "आता आशीच न्या. काच आली की परत आना, लावून दीन." मी तेव्हा गावची शाळा संपवून नुकताच तुमच्या हाताखाली आलो होतो. ह्या बाईची आई त्यांतलीच एक असणार. काच आली, पण ती परत आली नाही. नवऱ्याच्या आणि हाताच्या मध्ये काच कशाला हवी, असंही तिला वाटलं असेल.

लेकीनं मग दुसरा फोटो बाहेर काढला. घोरावाडी स्टेशनाजवळच्या एका घरातले म्हातारे वारले, तेही लढाईवर जाऊन आलेले. त्यांच्या सुनेला ट्रंकेत हा फोटो सापडला. सासरे म्हणायचे, ह्यात आमचा आंदर मावळातला दोस्त आहे. एवढ्यावर त्या माउलीनं माणूस पाठवून गावोगाव विचारपूस केली आणि फोटो हिच्या हाती पोचता केला. तीन शिपाई, सुट्टीवर असताना मिसरातल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. मधला खुर्चीवर बसलेला. उरलेले दोघे दोन बाजूंना उभे, टोप्या सारख्याच तिरप्या, मिशा सारख्याच. चेहरे मात्र लख्ख.

"मदला त्यांचा," ती म्हणाली. "ह्या दोगांतला एक माझा बाप. कंचा, तेवढं सांगा. तसबिरीच्या मागं तुमच्या दुकानाचा शिक्का हाय, म्हणून आलो."

मी काय सांगणार होतो? त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. पण तात्यांचं ठरलेलं होतं. त्यांनी हिच्या बापाला पाहिलं ते त्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं तेव्हा. पुढं ते स्वतःच पोटासाठी बाहेरगावी राहिले. तरी ते ठासून सांगत होते, "म्या सांगतो ना! ह्यो उजवा. ह्याच्या बाहीवर बग, गरुड हाय. आपलं घर पिढ्यान् पिढ्या माळकरी. माळकऱ्याच्या खांद्यावर गरुड बसायचा न्हाई तर काय घार बसायची?"

"आन् डाव्याच्या बाहीवर काय हाय?" तिनं विचारलं.

"काय तरी गोल हाय. भंडाऱ्याची वाटी आसंल. त्यो खंडोबावाल्यांचा."

खरं सांगू, मला ते पटलं होतं. तुम्हीच गळ्यात घातलेली माळ माझ्या गळ्यात आहे. दिवसभर देवांच्या तसबिरी हाताखालून जातात, त्यामुळं गरुड दिसला की मला विष्णूच दिसतो. मी भिंग लावून पाहिलं. उजव्याच्या बाहीवर पंख पसरलेला पक्षी होता. बिल्ला कापडी, खांद्याखाली शिवलेला. डाव्याच्या बाहीवर काळा चौकोन, आणि फोटो उजेडात तिरका धरला की त्या काळ्यात एक काळपट गोल. जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू असंच काळं येतं, ते तुम्ही मला दाखवलं होतं. म्हणजे तो गोल लाल असणार, एवढं मी सांगू शकलो. लाल म्हणजे काय, ते मात्र मला माहीत नव्हतं.

एका कोपऱ्यात आमचे हवालदार पेपर वाचत बसले होते. हे पलटणीतून निवृत्त झालेले, आता एका बंगल्यावर राखणीला आहेत. पेपर आमच्याकडं फुकट मिळतो, म्हणून रोज येतात. तुमच्या वेळी ते नव्हते. असते तर तुमचं आणि त्यांचं जमलं असतं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तात्या, एका डिव्हिजनीच्या बाहीवर कोंबडा हुता," ते म्हणाले. "आन् एकीच्या बाहीवर काळं मांजर. आता मांजरवाल्यांचं कुलदैवत कोण, सांगा."

"सटवाई!" तात्या लगेच म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. ती बाईही पदर तोंडाला लावून हसली. हवालदारांनी हात जोडले. "तुमच्यापुढं काय बोलणार? पण त्यो कुणाचा देव न्हाई, तात्या. ती डिव्हिजनीची खूण. हजारो माणसांना एकच. माळकऱ्याला तीच आन् बकरं खाणाऱ्यालाबी तीच. देतील ती बाहीला शिवायची, कुणी इचारत न्हाई तुमचा देव कंचा." मग त्यांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "ह्या दोनी खुना म्या बगितल्यात. काळ्यावर लाल गरुड, आन् ह्यो काळ्यावर लालभडक गोळा. दोनी मिसरात हुत्या. पोरी, तुजा बाप ह्यांतल्या कंच्या डिव्हिजनीत हुता?"

तिला ते कसं ठाऊक असणार? आम्ही सगळ्यांनी त्या वीतभर चौकटीकडं पाहिलं. तिच्यात कॉलर होती, बटण होतं. खांदे चौकटीला टेकून संपत होते. बाही नव्हतीच.

मिसरातल्या स्टुडिओतले फोटो किती मोठे असत ते मला माहीत आहे, आपण त्या वर्षांत कितीतरी चौकटीत घातले. ही चौकट त्याहून बरीच अरुंद होती. तेवढा फोटो हिच्यात मावणंच शक्य नव्हतं. म्हणजे कडा कापलेल्या असणार आणि बाही कधीच केरात गेली असणार, हे मी मोजपट्टी न लावताही सांगू शकत होतो. मी चौकट उलटी केली. आणि मला तो दिवस आठवला.

तुम्ही जेवायला गेला आहात. मी एका शिपायाच्या फोटोला चौकट करतो आहे, आणि फोटो थोडा रुंद आहे. कडेला माणूस नाही, नुसता स्टुडिओचा पडदा, त्यावर रंगवलेला जिना. मी कात्री घेतो, एक टोक कापतो, तेवढ्यात तुम्ही दारात. तुमचा आवाज चढलेला मी फार वेळा ऐकला नाही, पण त्या दिवशी शेजारचा चिक्कीवाला हातातला झारा तसाच ठेवून बघायला आला. "कात्री ठेव खाली! फोटोला कात्री लावायची न्हाई." मी म्हणतो, आबा, नुसता पडदा आहे. "त्यो पडदाबी त्याच्यासंगं उबा हुता. उद्या कुणाला त्यातलं काय बगायचं आसंल, तुला काय ठावं?" मी विचारतो, मग चौकट लहान पडली तर काय करायचं? त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. हात धुतलेत आणि तो फोटो माझ्याकडून काढून घेतलात.

हे आठवत होतं, आणि समोर ही चौकट. तुमच्याच हातची, लढाईतल्या दिवसांतली, पट्टी नसताना केलेली. आबा, मला भीती वाटत होती ती केवळ त्या बाईसाठी नव्हती. तुम्ही मला जे सांगितलं ते तुम्ही स्वतः पाळलं होतं का, हे आता उघडून बघावं लागणार होतं. पांडुरंगाचं नाव घेऊन मी तुमचा खाकी कागद सुरीनं सोडवला, एकेक बारीक खिळा पक्कडीनं काढला. पुठ्ठा उचलला.

फोटो कापलेला नव्हता. दोन्ही कडा पुठ्ठ्यावरून मागं दुमडलेल्या होत्या, दुमडीत फोटोला चिरा जाऊ नयेत म्हणून आत जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून घातलेली. तरी बारीक चिरा गेल्या होत्याच. फोटोवर बोटाचा ठसाही न खपणाऱ्या तुम्ही हातानं फोटोची घडी घातली होती. त्या दिवशी मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं ह्या पुठ्ठ्यामागं होतं.

मी कड हळूच उलगडली. उजेड नाही, हात नाही, धूर नाही, त्यामुळं तेवढा भाग कालच काढल्यासारखा ताजा. खांदा, बाही, बाहीवर काळा चौकोन. तिरका धरला. गोल.

"गोळा," हवालदार म्हणाले.

मी तीन शिपायांचा फोटो तिच्यापुढं ठेवला आणि डाव्या हाताला उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवलं.  तिनं पदर सारखा केला. मग वाकून अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बया. ह्यो तर माझ्याहून ल्हान हाय."

खरंच होतं. विशी-बाविशीचा पोरगा, मिशी वाढवून मोठा दिसू पाहणारा. ती तिशीपार गेलेली लेक त्याच्याकडं धाकट्या भावाकडं पाहावं तशी पाहत होती. आणि हसत होती.

"नाक बग, नाक," तात्या म्हणाले. "म्या म्हनलंच हुतं, नाक आपल्या घरातलं हाय."

मी तिला म्हटलं, ह्यातून बापाचा एकट्याचा मोठा फोटो स्टुडिओतून करून घेऊ, मी चौकट करतो. तिनं मान हलवली. "नको, भाऊ. तिगंबी ऱ्हाऊ द्या. त्यो गरुडवाला कुनाचा कोन, त्याच्या घरीबी कुनी बगत आसंल." तिनं तुमची शिकवण कधी ऐकली नव्हती. मी तिघांची मोठी चौकट केली. जुन्या फोटोच्या कडा सरळ करून त्यालाही नवी, रुंद चौकट केली आणि विचारलं, काच लावू का?  "लावा," ती म्हणाली. "मंजे आईचा हात आता पुसायचा न्हाई." तुम्ही सांगून ठेवलेली काच अशी लागली, आबा.

तिघांच्या फोटोची एक नक्कल मी तिच्या संमतीनं दुकानाच्या दर्शनी भागात लावली आहे, देवांच्या तसबिरींच्या शेजारी. खाली लिहिलं आहे, उजवीकडच्या शिपायाला कोणी ओळखत असल्यास आत यावे. गडावर जाणारे, बाजाराला आलेले, थांबतात, वाचतात. लोहगडवाडीची एक म्हातारी काल दोनदा येऊन बघून गेली. आत आली नाही, पण दोनदा आली. हवालदार म्हणतात, तिसऱ्यांदा आली की चहा सांगायचा.

आता एक कबुली. गावोगावच्या माणसांना चौकटी करणाऱ्या माझ्याकडं तुमचा फोटो इतकी वर्षं डब्यात पडून होता. एकदा चौकटीत घातला की हार घालावा लागेल, म्हणून टाळत होतो. आज चौकट केली. हे कागद तुमच्या फोटोमागं ठेवून वर खाकी कागद चिकटवायचा असं मनात होतं. पण मापाचा अंदाज चुकला आणि कागद मोठे घेतले गेले. पानं चौकटीपेक्षा मोठी झाली आहेत.

कात्री इथं हाताशीच आहे. पण दुमडतो.